डीबगरने नेमकं कुठल्या एक्सेप्शनला थांबायचं?

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीचं मेंटेनन्सचं बिलिंग सॉफ्टवेअर घ्या. सेक्रेटरी दर महिन्याला एक्सेलमधून सीएसव्ही फाइल काढून देतात, प्रोग्रॅम ती वाचून फ्लॅटवार बिलं काढतो. एका महिन्यात बिलं निघतच नाहीत. स्क्रीनवर फक्त 'फाइल वाचता आली नाही'. कोड उघडला तर सगळ्या लूपभोवती एक भलामोठा ट्राय-कॅच (प्रोग्रॅम चालताना उडालेली चूक, म्हणजे एक्सेप्शन, पकडणारी रचना), कॅचमध्ये लॉगला एक ओळ आणि 'रिटर्न फॉल्स'. फाइलमधली कुठली ओळ, कुठला कॉलम, त्यात काय टाइप झालं होतं, यातलं काहीही हाती लागत नाही.

अशा वेळी बहुतेक जण कॅचच्या आत ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावतात. त्याचा उपयोग अर्धाच होतो. कॅचमध्ये शिरेपर्यंत मधली फंक्शन्स संपलेली असतात, त्यांचे लोकल व्हेरिएबल्स गेलेले असतात. एक्सेप्शनच्या ऑब्जेक्टवर स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्याची यादी) असतो, त्यातून फंक्शनचं नाव कळतं; पण त्या क्षणी 'रक्कम' या व्हेरिएबलमध्ये काय होतं ते कळत नाही. ते बघायचं असेल तर डीबगर (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आतलं दाखवणारं साधन) एक्सेप्शन थ्रो होण्याच्या, म्हणजे उडण्याच्या, जागीच थांबला पाहिजे, आणि तसा तो थांबावा अशी सोय बहुतेक डीबगरमध्ये असते. अडचण अशी की ती बहुतेक ठिकाणी सुरुवातीला बंद असते, आणि चालू केली की डीबगर इतक्या वेळा थांबतो की वैतागून माणूस पुन्हा बंद करतो. दोन्हीच्या मधली जागा कशी शोधायची, त्यासाठी ही पोस्ट.

(कमांड्स आणि मेन्यूंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरायचं. उदाहरणांतले आकडेही देवनागरीत लिहिले आहेत; वेगळं सांगितलं नसेल तर फाइलमध्ये ते इंग्रजीत आहेत असं धरा.)

डीबगरला दोनदा विचारलं जातं

विंडोजवर एक्सेप्शन आलं की ऑपरेटिंग सिस्टिम आधी डीबगरला कळवते. हा फर्स्ट चान्स. डीबगरने 'मला काही करायचं नाही' म्हटलं की प्रोग्रॅममधला कॅच शोधला जातो. कुणीच पकडलं नाही तर डीबगरकडे पुन्हा विचारणा होते, तो सेकंड चान्स. सेकंड चान्सला डीबगर थांबतोच, तिथे फारसं काही ठरवायचं नसतं. आपण सेटिंग्जमध्ये जे टिक करतो ते फर्स्ट चान्सबद्दल असतं.

आता गोम अशी, की 'पकडलं' आणि 'नाही पकडलं' ही विभागणी आजच्या कोडला फारशी लागूच पडत नाही. वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं फंक्शन फ्रेमवर्क स्वतःच्या ट्राय-कॅचमधून बोलावतं आणि एक्सेप्शनचं रूपांतर ५०० च्या, म्हणजे 'सर्व्हरवर चूक झाली' अशा, उत्तरात करतं. टेस्ट चालवणारा रनर प्रत्येक टेस्टचं एक्सेप्शन पकडून 'फेल' अशी नोंद करतो. सी-शार्पच्या एसिंक मेथडमध्ये कंपायलरने तयार केलेला कोडच एक्सेप्शन पकडून टास्कमध्ये, म्हणजे त्या चालू कामाच्या ऑब्जेक्टमध्ये, ठेवतो. डीबगरच्या दृष्टीने ही सगळी पकडलेली एक्सेप्शन्स, म्हणून तो गप्प. आपल्या दृष्टीने मात्र हाच तो बग असतो. म्हणून सेटिंग लावताना 'कुणी पकडलं' यापेक्षा 'कुठल्या प्रकारचं' आणि 'कुणाच्या कोडमधून बाहेर पडलं' या दोन गोष्टींवर चाळणी लावायची.

व्हिज्युअल स्टुडिओ

इथली खिडकी म्हणजे 'एक्सेप्शन सेटिंग्ज': डीबग मेन्यू, मग विंडोज, किंवा थेट कंट्रोल-ऑल्ट-ई. २०१५ च्या आवृत्तीआधी हा डायलॉग बॉक्स होता, तो बंद केल्याशिवाय पुढे जाता येत नसे. आता ती साधी टूल विंडो आहे, प्रोग्रॅम चालू असताना टिक केली तरी लगेच लागू होते. याचा मोठा फायदा पुढे येतो.

आत गट असतात: सी-प्लस-प्लस एक्सेप्शन्स, कॉमन लँग्वेज रनटाइम एक्सेप्शन्स, विन३२ एक्सेप्शन्स, मॅनेज्ड डीबगिंग असिस्टंट्स वगैरे. नवखा माणूस काय करतो, कॉमन लँग्वेज रनटाइमच्या मथळ्यालाच टिक मारतो. मग प्रोग्रॅम सुरू होतानाच कुठल्या तरी लायब्ररीने कॉन्फिग फाइल शोधताना टाकलेल्या आणि तिथल्या तिथे गिळलेल्या एक्सेप्शनवर डीबगर थांबतो, एफ५ दाबलं की पुढच्यावर, पुन्हा एफ५. काही वेळाने तो 'रिस्टोअर' बटण दाबून मोकळा होतो आणि ही खिडकी परत उघडत नाही.

उलट दिशेने जायचं. काहीच टिक न करता प्रोग्रॅम डीबगरमधून चालवा, चूक घडू द्या आणि आउटपुट विंडो वाचा. थांबला नाही तरी डीबगर प्रत्येक फर्स्ट चान्सची ओळ तिथे लिहितो: 'एक्सेप्शन थ्रोन', पुढे प्रकार, पुढे डीएलएलचं (लायब्ररीच्या फाइलचं) नाव. आपल्या उदाहरणात तिथे सिस्टम डॉट फॉरमॅट-एक्सेप्शन दिसेल. आता सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'फॉरमॅट' टाइप करून फक्त तेवढ्यालाच टिक करा. फाइल उघडायच्या बटणाच्या कोडवर साधा ब्रेकपॉइंट लावा, तिथे थांबल्यावर टिक करा, मग पुढे जाऊ द्या. सुरुवातीचा सगळा गोंगाट त्यामुळे आपोआप टळतो. थांबल्यावर लोकल्समध्ये डॉलर-एक्सेप्शन नावाचं खोटं व्हेरिएबल असतं, त्यात पूर्ण ऑब्जेक्ट बघायला मिळतो. शेजारी आपलं 'रक्कम' हे व्हेरिएबल: '१,२५०'.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. डॉटनेटमध्ये (सी-शार्प ज्यावर चालतं ते) मजकुराचा आकडा करणारं इंट-पार्स मूळ सेटिंगमध्ये स्वल्पविराम चालवून घेत नाही, डेसिमल-पार्स मात्र घेतो, अगदी आपल्या लाखाच्या पद्धतीचा '१,२५,०००' सुद्धा. आणि आकडे जर देवनागरीत टाइप केलेले असतील, जे पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या ऑफिसात सहज घडू शकतं, तर डॉटनेटचे दोन्ही पार्स ते नाकारतात. पायथनचा इंट आणि जावाचा पार्स-इंट देवनागरी आकडे व्यवस्थित वाचतात. तोच डेटा एका भाषेत चालतो आणि दुसऱ्या भाषेत एक्सेप्शन देतो, म्हणून 'आमच्याकडे तर चालतं' या वाक्यावर वाद घालत बसण्यापेक्षा थ्रोच्या जागी किंमत डोळ्यांनी बघितलेली बरी.

व्हिज्युअल स्टुडिओतली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे डॉटनेटच्या बाबतीत टिक अगदी त्याच प्रकाराला लागू होते, त्याच्या वारसांना नाही. आयओ-एक्सेप्शनला टिक केली तर फाइल-नॉट-फाउंडवर डीबगर थांबत नाही, जरी तो त्याचाच पोटप्रकार असला तरी. रद्द झालेल्या कामांचा त्रास नको म्हणून ऑपरेशन-कॅन्सल्डची टिक काढली, तरी टास्क-कॅन्सल्ड त्रास देत राहतो. दोन्हींच्या टिक काढाव्या लागतात. तुम्ही स्वतः लिहिलेले प्रकार यादीत नसतातच. त्यांच्यासाठी गटात 'यादीत नसलेली सर्व' अशी एक ओळ असते, ती टिक करा, किंवा वरच्या अधिकच्या चिन्हाने पूर्ण नेमस्पेससह नाव घाला. नावात एक अक्षर चुकलं तर कुठलीही तक्रार येत नाही, फक्त डीबगर कधीच थांबत नाही.

दुसरी चाळणी जागेची. एखाद्या ओळीवर उजवं बटण दाबून 'एडिट कंडिशन्स' घेतलं की मॉड्यूलचं नाव अमुक असेल तर, किंवा नसेल तरच थांब, असं सांगता येतं. डीबगर एखाद्या नको त्या एक्सेप्शनवर थांबला की जी छोटी चौकट उघडते, तिच्यातही 'अमुक डीएलएलमधून आल्यास सोडून दे' असा पर्याय असतो. मी तो फार वापरतो. आधीच सगळं ठरवून बसण्यापेक्षा गोंगाट येईल तसा एकेक गप्प करणं सोपं जातं.

तिसरी चाळणी 'जस्ट माय कोड'. टूल्स, ऑप्शन्स, डीबगिंग, जनरल. ही चालू असताना फ्रेमवर्कच्या आतच उडालेली आणि आतच पकडलेली एक्सेप्शन्स डीबगर सोडून देतो, आणि तुमच्या कोडमधून निसटून फ्रेमवर्कच्या हाती गेलेल्या एक्सेप्शनवर थांबतो. याला तो 'युजर-अनहँडल्ड' म्हणतो, आणि वेबच्या कामात हीच गोष्ट सगळ्यात उपयोगाची. जस्ट माय कोड बंद केलं की हा वर्गच नाहीसा होतो. लायब्ररीत शिरण्यासाठी कुणी तरी ते कधी तरी बंद केलेलं असतं आणि नंतर महिनाभर 'हल्ली डीबगर थांबत नाही' अशी कुरकुर चालते.

पण 'माझा' कोड म्हणजे कुठला, हे डीबगर कसं ठरवतो? ज्या मॉड्यूलचे सिम्बॉल्स म्हणजे पीडीबी फाइल लोड झालेली नाही, किंवा जे ऑप्टिमाइझ करून बांधलेलं आहे, ते परकं. त्यामुळे आपल्याच टीमने नूगेट (डॉटनेटच्या लायब्ररी वाटायची सोय) पॅकेज म्हणून रिलीजमध्ये बांधलेली लायब्ररीही परकी ठरते. मॉड्यूल्सची खिडकी उघडून 'युजर कोड' हा रकाना बघितला की लगेच उलगडा होतो.

गुंडाळलेली एक्सेप्शन्स हा वेगळा ताप आहे. टार्गेट-इन्व्होकेशन, टाइप-इनिशियलायझेशन, अ‍ॅग्रिगेट हे तिन्ही नुसते वेष्टनाचे प्रकार. डीबगर त्यांच्यावर थांबला तर मूळ घटना केव्हाच होऊन गेलेली असते. इनर एक्सेप्शन उघडून आतला प्रकार बघा, त्याला टिक करा आणि पुन्हा चालवा. एसिंकमध्ये उत्तर न बघता सोडून दिलेला टास्क तर आणखी चिवट: डॉटनेट ४.५ पासून त्यातल्या एक्सेप्शनमुळे प्रोग्रॅम बंद पडत नाही, त्यामुळे थ्रोच्या क्षणी थांबणं हाच त्याला गाठण्याचा भरवशाचा मार्ग.

ही सगळी टिकमार्क सोल्यूशनच्या लपलेल्या एसयूओ फाइलमध्ये राहते. ती गिटमध्ये जात नाही. म्हणजे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची सेटिंग्ज वेगळी असतात, आणि 'डॉट-व्हीएस' फोल्डर उडवलं की आपलीही जातात. टीमने मिळून ठरवलेली सेटिंग्ज हवी असतील तर विकीवर यादी लिहून ठेवण्याला मला तरी चांगला पर्याय दिसलेला नाही.

सी-शार्प ६ पासून कॅचला 'व्हेन' लावून अट घालता येते, तिचा डीबगिंगला एक छान उपयोग आहे. ही अट हँडलर शोधण्याच्या पहिल्या फेरीत तपासली जाते, तेव्हा स्टॅक अजून जसाच्या तसा असतो. नेहमी फॉल्स परत करणारं एक छोटं फंक्शन लिहून ते व्हेनमध्ये बोलवा आणि त्या फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट लावा. सेटिंग्जला हात न लावता फक्त त्या एका ट्रायच्या आतली एक्सेप्शन्स, पूर्ण स्टॅकसकट मिळतात.

एक इशारा मिश्र डीबगिंगचा. नेटिव्ह आणि मॅनेज्ड दोन्ही चालू असतील आणि विन३२ गटात अ‍ॅक्सेस व्हायोलेशनला, म्हणजे 'सी००००००५' या कोडला, टिक असेल, तर प्रत्येक नल-रेफरन्सला डीबगर आधी तिथे थांबतो. डॉटनेट स्वतः नलची तपासणी हार्डवेअरच्या त्याच फॉल्टवरून करतं, म्हणून.

जावा

इंटेलिजे या जावाच्या एडिटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ८, अधिकचं चिन्ह, जावा एक्सेप्शन ब्रेकपॉइंट. इथला नियम व्हिज्युअल स्टुडिओच्या उलटा: प्रकार दिला की त्याचे पोटप्रकारही येतात. इल्लीगल-आर्ग्युमेंट दिलंत तर नंबर-फॉरमॅटवरही थांबणार. दोन्ही साधनं वापरणारे लोक हमखास इथे गोंधळतात. थ्रोएबल देऊन 'कॉट' चालू ठेवलं तर काय होतं हे एकदा बघण्यासारखं आहे. क्लासलोडर आधी आपल्या पालकाला विचारतो, पालकाला क्लास सापडला नाही की क्लास-नॉट-फाउंड उडतं आणि लगेच गिळलं जातं, आणि असं कितीतरी क्लासेससाठी होतं.

'कॉट' आणि 'अनकॉट' असे दोन चौकोन असतात. स्प्रिंग या जावाच्या वेब फ्रेमवर्कमध्ये काम असेल तर नुसतं अनकॉट ठेवून काही मिळत नाही, कारण सगळं वर डिस्पॅचरपाशी पकडलं जातं. कॉट चालू करा आणि चाळणी लावा. पण क्लास फिल्टर लावताना सावध: तो जिथे थ्रो झालं त्या क्लासला लागतो. पार्स-इंटचं एक्सेप्शन जावाच्या स्वतःच्या लँग पॅकेजमध्ये उडतं, म्हणून फिल्टरमध्ये आपलं पॅकेज लिहिलं तर डीबगर कधीच थांबणार नाही. अशा ठिकाणी 'कॅच क्लास फिल्टर' वापरा आणि ज्या क्लासमध्ये तो गिळणारा कॅच आहे त्याचं नाव द्या. आपल्या बिलिंगच्या उदाहरणाला हे अगदी चपखल बसतं.

सर्व्हरवर रिमोट जोडलेलं असेल तर 'सस्पेंड' काढून टाका आणि फक्त 'स्टॅक ट्रेस' लॉग करायला सांगा. खराडीत बसून क्लायंटच्या टेस्ट सर्व्हरचे सगळे थ्रेड थांबवून जेवायला जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

पायथन आणि व्हीएस कोड

रन अँड डीबगच्या बाजूपट्टीत खाली ब्रेकपॉइंट्सचा भाग असतो, त्यात तीन चौकोन: 'रेझ्ड', 'अनकॉट' आणि 'युजर अनकॉट'. मधला आधीपासून चालू असतो. पायटेस्ट या टेस्ट रनरमधून टेस्ट डीबग करताना तो कुचकामी, कारण पायटेस्ट सगळंच पकडतं. तिथे 'युजर अनकॉट' हवा: तुमच्या फाइलमधून निसटून लायब्ररीच्या कोडमध्ये शिरताना थांबतो. फ्लास्क आणि जँगो या वेब फ्रेमवर्कनाही तेच. 'रेझ्ड' मात्र जपून वापरा. पायथनमध्ये एक्सेप्शन हा रोजच्या कामाचा भाग आहे, 'ही लायब्ररी नसेल तर ती वापर' अशा इम्पोर्टपासून डिक्शनरीत की नसण्यापर्यंत. लॉन्च डॉट जेसॉनमधलं 'जस्ट-माय-कोड' ट्रू ठेवलं की त्यातला बराच कचरा गळतो.

इंट हे सी भाषेत लिहिलेलं असल्याने व्हॅल्यू-एररवर डीबगर थेट आपल्याच ओळीवर थांबतो, आत कुठे शिरत नाही. हे फार सोयीचं आहे.

दोन अडचणी वारंवार येतात. कव्हरेज मोजणारं पायटेस्ट-कव्ह चालू असेल तर ते आणि डीबगर एकाच ट्रेसिंगच्या सोयीवर हक्क सांगतात, आणि डीबगरचे ब्रेकपॉइंट लागतच नाहीत. डीबगच्या कॉन्फिगरेशनमध्ये पायटेस्ट-अ‍ॅडऑप्ट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला '--नो-कव्ह' द्या. दुसरी जँगोची: कोड बदलला की आपोआप पुन्हा सुरू होणारा रीलोडर वेगळी प्रोसेस काढतो, डीबगर कधी कधी पहिलीलाच चिकटून राहतो. '--नोरीलोड' दिलं की प्रश्न मिटतो.

एडिटरच नसेल, नुसतं टर्मिनल असेल, तर 'पायथन -एम पीडीबी -सी कंटिन्यू' आणि पुढे फाइलचं नाव. न पकडलेलं एक्सेप्शन आलं की पीडीबी हा पायथनचा डीबगर मरणोत्तर तपासणीत शिरतो, तेव्हाही फ्रेम्स (स्टॅकवरचे एकेका फंक्शनचे कप्पे) जिवंत असतात आणि 'अप' करत वर जाऊन व्हेरिएबल्स बघता येतात. पायटेस्टला '--पीडीबी' दिलं तरी हेच.

जीडीबी

जीडीबी हा टर्मिनलमधला डीबगर. सी-प्लस-प्लसमध्ये त्याची मूळ कमांड 'कॅच थ्रो'. रन करायच्या आधी दिली तरी चालते. थांबल्यावर तुम्ही रनटाइम लायब्ररीच्या पोटात असता, त्यामुळे 'बीटी' (स्टॅकची यादी) बघून आपली फ्रेम येईपर्यंत 'अप'. मजकुराचा आकडा करणाऱ्या एसटीडी-एसटीओआयच्या बाबतीत मध्ये लायब्ररीच्या आणखी फ्रेम्स लागतात, घाबरायचं कारण नाही.

प्रकारानुसार गाळायचं तर 'कॅच थ्रो' पुढे रेग्युलर एक्स्प्रेशन (नावाचा नमुना) द्या, म्हणजे 'कॅच थ्रो इनव्हॅलिड_आर्ग्युमेंट'. यासाठी रनटाइम लायब्ररीत प्रोब्स (डीबगरसाठी ठेवलेल्या खुणा) असावे लागतात, ते जीसीसी ४.८ पासून आहेत. रेग्युलर एक्स्प्रेशन थ्रो झालेल्या प्रकाराच्या नावाशी जुळवलं जातं, बापप्रकाराशी नाही. लॉजिक-एरर लिहून इनव्हॅलिड-आर्ग्युमेंट मिळणार नाही. थांबलेल्या ठिकाणी 'डॉलर-अंडरस्कोर-एक्सेप्शन' या व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट असतो. आणि नुसतं 'थ्रो;' लिहून पुढे ढकललेलं एक्सेप्शन 'कॅच थ्रो'ला दिसत नाही, त्याला 'कॅच रीथ्रो' वेगळं लावावं लागतं.

फार वेळा उडणाऱ्या एक्सेप्शनसाठी थांबू नका, नोंद घ्या: कॅचपॉइंट लावल्यावर 'कमांड्स', मग 'सायलेंट', 'बीटी ६', 'कंटिन्यू', 'एंड'. आधी 'सेट पेजिनेशन ऑफ' करा, नाहीतर पान भरलं की जीडीबी तुमच्या एंटरची वाट बघत बसेल. आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि नंतर कुठली फ्रेम सर्वाधिक वेळा येते ते मोजा.

सी-प्लस-प्लसची एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. लिनक्सवर रनटाइम आधी हँडलर शोधतो आणि तो सापडला तरच स्टॅक उलगडायला घेतो. कुणीच हँडलर नसेल तर स्टॅकला हात न लावता टर्मिनेट बोलावलं जातं, म्हणून कोअर फाइलमध्ये (कोसळताना लिहिलेल्या मेमरीच्या प्रतीत) थ्रोची जागा जशीच्या तशी सापडते. मेनमध्ये 'सगळं पकडा आणि एक ओळ छापा' असा कॅच लिहिला की ही फुकट मिळणारी माहिती जाते. रिलीजमध्ये तो कॅच कुणासाठी लिहिला आहे, हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये विचारायला हरकत नाही.

सिग्नल्स (ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रॅमला पाठवलेले इशारे) वेगळे असतात, त्यांना 'हँडल' कमांड. 'हँडल सिगपाइप नोस्टॉप नोप्रिंट पास' असं. शेवटचं 'पास' महत्त्वाचं, ते 'नोपास' केलं तर सिग्नल प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही आणि वागणूकच बदलते. जावाची प्रोसेस जीडीबीला जोडली तर सिगसेग्व्हीसाठी हेच करावं लागतं, जेव्हीएम तो सिग्नल स्वतःच्या नल तपासणीसाठी वापरतं. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये याच कामाला 'प्रोसेस हँडल', आणि एक्सेप्शनसाठी 'ब्रेकपॉइंट सेट -ई सी-प्लस-प्लस' (हा ई कॅपिटल). एक्सकोडमध्ये ब्रेकपॉइंट नॅव्हिगेटरच्या तळाशी अधिकचं चिन्ह, एक्सेप्शन ब्रेकपॉइंट. स्विफ्टच्या एररसाठी तिथेच वेगळा प्रकार.

जिथे एक्सेप्शन येतच नाही

क्रोमच्या सोर्सेस पॅनेलमध्ये न पकडलेल्या आणि पकडलेल्या एक्सेप्शनसाठी दोन चौकोन आहेत, लायब्ररीच्या फाइल्स इग्नोर लिस्टमध्ये टाकल्या की दुसराही सुसह्य होतो. प्रॉमिस पुढे कुणी पकडेल की नाही याचा ब्राउझर अंदाज बांधतो आणि तो कधी कधी चुकतो, तेव्हा दोन्ही चालू करून बघायचे. पण आपल्या सोसायटीच्या फाइलपुढे हे सगळं थिटं पडतं. जावास्क्रिप्टचा नंबर '१,२५०' ला किंवा देवनागरी आकड्यांना एनएएन ('हा आकडा नाही') देतो, कुठलंही एक्सेप्शन नाही. पार्स-इंट तर इंग्रजी आकड्यांतल्या '१,२५०' चा सरळ १ करतो. सी-प्लस-प्लसचा एसटीओआयही स्वल्पविरामापाशी थांबून १ परत देतो. साडेबाराशेचं बिल एक रुपयाचं झालं आणि डीबगर शांत.

तारखांचं याहून वाईट. पुण्यातल्या मशीनवर लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) भारतीय इंग्रजी, सर्व्हरवर अमेरिकन. डॉटनेटचा डेटटाइम-पार्स तिथे '१३/०४/२०२४' ला फॉरमॅट-एक्सेप्शन देतो, पण '०५/०४/२०२४' बिनतक्रार ४ मे म्हणून वाचतो. एक्सेप्शनवर डीबगर थांबला आणि १३ तारखेची ओळ दुरुस्त केली, तर १२ तारखेपर्यंतच्या बहुतेक सगळ्या ओळी चुकीच्याच राहतात. एक्सेप्शन सेटिंग इथे फक्त धागा हाती देते. त्याच कॉलममधल्या न उडालेल्या किमतीही तेव्हाच बघून घ्यायच्या. ट्राय-पार्स वापरलेल्या कोडमध्ये तर थांबायला काहीच नसतं, त्याच्या 'फॉल्स' उत्तरावर अट घातलेला साधा ब्रेकपॉइंट लावावा लागतो.

वेग, आणि प्रॉडक्शन

डीबगर जोडलेला असताना प्रत्येक एक्सेप्शन महाग पडतं, थांबायची टिक नसली तरी. प्रोसेस थांबते, डीबगरला निरोप जातो, उत्तर येतं, मग पुढे. हजारो खराब ओळींची फाइल बाहेर पटकन वाचली जाते आणि डीबगरमध्ये रेंगाळते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. 'डीबगर न जोडता चालवा' म्हणजे कंट्रोल-एफ५ करून एकदा तुलना करा. फरक मोठा असेल तर लूपमधला पार्स बदलून ट्राय-पार्स करायची वेळ आली आहे असं समजा.

प्रॉडक्शनच्या विंडोज सर्व्हरवर डीबगर लावून बसता येत नाही, तिथे प्रॉकडंप, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीची प्रत (डंप) काढणारं साधन. '-ई १' म्हणजे फर्स्ट चान्स, '-एफ' पुढे फॉरमॅट-एक्सेप्शन ही गाळणी, '-एमए' म्हणजे पूर्ण मेमरी, शेवटी प्रोसेस आयडी. गाळणीशिवाय '-ई १' कधीही चालवू नका, पहिल्याच किरकोळ एक्सेप्शनला डंप घेऊन ते मोकळं होईल. मिळालेली फाइल विनडीबीजी या विंडोजच्या डीबगरमध्ये उघडून एसओएस या डॉटनेटच्या जोडणीतल्या 'पीई' कमांडने एक्सेप्शन आणि 'सीएलआरस्टॅक -ए' ने व्हेरिएबल्स बघता येतात. विनडीबीजीने जिवंत प्रोसेसच जोडली असेल तर 'एसएक्सई' म्हणजे फर्स्ट चान्सला थांब, 'एसएक्सएन' म्हणजे नुसतं छाप, 'एसएक्सआय' म्हणजे दुर्लक्ष कर. नुसतं 'एसएक्स' दिलं की सध्या काय लावलं आहे त्याची यादी येते.

पूर्ण डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं येतं: सभासदांची नावं, फोन नंबर, डेटाबेसचा पासवर्डसुद्धा. ती फाइल टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा सगळ्यांना उघडणाऱ्या शेअर्ड ड्राइव्हवर टाकायची नाही, आणि काम झालं की सर्व्हरवरची मूळ प्रतही पुसायची. प्रॉकडंप ती ज्या फोल्डरमधून चालवलं तिथेच ठेवून देतं.